शिट्टीसकट वाचलेला धडा

सुकेशनी मॅडमच्या शोकेसमध्ये सत्काराची एक ट्रॉफी आहे. पाहुण्यांनी तिचं कौतुक सुरू केलं की मॅडम चहाचं निमित्त करून आत जातात. ट्रॉफी ज्या कामासाठी मिळाली ते काम फसलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आसेगावपलीकडच्या एका तांड्यावर चौथीपर्यंतची शाळा. शिक्षक दोनच, मॅडम आणि मुख्याध्यापक रामधन सर. पोरं घरी बंजारा बोलणारी, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. त्यात दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला जायचा आणि शिकलेलं फडातच विसरून परत यायचा. मॅडमनी उपाय काढला. सगळे धडे स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड केले, पदरमोड करून वर्गात स्पीकर आणला. आवाज पुढे जाईल तसं पोरांनी ओळीखालून बोट न्यायचं. बोट चुकलं की मॅडम स्पीकर थांबवायच्या आणि तो शब्द पोराकडून फोडून वाचून घ्यायच्या. सगळं मर्म त्या थांबवण्यात होतं. चौथीतली कृतिका राठोड अशी अडखळत का होईना, शब्द लावायला लागली होती.

मग वरून कामं आली. सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, शिबिरं. मॅडम दारोदार फिरू लागल्या आणि रामधन सर स्पीकर चालू करून ऑफिसात बसू लागले.

"तुमचाच आवाज हाय न मॅडम, मंग तुमी असल्या काय अन् नसल्या काय," ते हसून म्हणायचे.

आता थांबवणारं कुणी उरलं नाही. फडावर गेलेल्या पोरांकडे तर आईचा मोबाईल होता, त्यात मॅडमनीच भरून दिलेला तोच आवाज. पोरांनी धडे ऐकून ऐकून पाठ केले. बोट मात्र शिस्तीत फिरत राहिलं. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

उन्हाळ्याच्या तोंडावर साहेब तपासणीला आले. फडावरून परतलेली कृतिका उभी राहिली आणि न अडखळता धडा म्हणू लागली. अर्ध्यावर आल्यावर, त्याच सुरात, ती म्हणाली, "थांबा रे, कुकरची शिट्टी होऊ द्या." आणि तसंच पुढच्या वाक्याला लागली. मॅडमनी तो धडा घरी स्वयंपाक करता करता रेकॉर्ड केला होता, त्यात ते वाक्य राहून गेलं होतं. मॅडमना स्वतःच्याच आवाजाची चीड आली.

"साहेब, हिला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "पाठ आहे. दुसरं कुठलंही पुस्तक देऊन बघा."

साहेब मोबाईलवर व्हिडिओ काढण्यात गुंतले होते.

"पोरगी धडधड वाचून राह्यली न मॅडम," रामधन सर म्हणाले, "मंग तुमाले काहून दुखून राह्यलं?"

साहेब हसले. विनय हा शिक्षकाचा मोठा गुण आहे, असं म्हणाले. शाळा शंभर टक्के वाचणारी ठरली. शाल, नारळ, ट्रॉफी, सगळं झालं. आणि सगळ्यांनाच वाचता येतं म्हटल्यावर, कच्च्या पोरांसाठी मॅडम शाळा सुटल्यावर जो तास घ्यायच्या, तो बंद करण्यात आला.

कृतिका पाचवीला मोठ्या शाळेत गेली. एका रविवारी ती नवं पुस्तक आणि आईचा मोबाईल घेऊन मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, हे बी भरून द्या न मोबाईलमंदी. तिथं स्पीकर नाही. सर मले मांगं बसवते."

मॅडमनी तिला जवळ घेतलं. पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं.

"देते भरून. आधी ही एक ओळ तू वाच."

कृतिकानं बोट अगदी नीट पहिल्या शब्दाखाली ठेवलं, आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत बसली.