चांगुणाच्या हातचं कुंकू

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही, देवापुढे हात जोडून बसले तेव्हाही पुटपुटले नाही. देवाला ठाऊक असेलच — पण त्याला ठाऊक असणं वेगळं आणि आपण तोंडाने बोलणं वेगळं, नाही का? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ बोलणं जमेल असं वाटतं. बघू.

आमचा कोळीवाडा आगरदांड्याजवळ, खाडीच्या काठाला. नबाबाचं राज्य होतं तेव्हा. साल विचाराल तर तिसाच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी. माझं लग्न ठरलं होतं एवढं पक्कं आठवतं.

त्या दिवसांत आम्हा बायकांच्या दोन जागा अशा होत्या, जिथे पुरुषाची सावलीही पडत नसे. एक केवड्याच्या बनामागची. लाजू नका, सगळ्यांनाच जावं लागतं! पुरुष खडकाच्या बाजूला, बायका केवड्यामागे. पहाटे टमरेल घेऊन आम्ही घोळक्याने निघायचो आणि सासवांच्या कागाळ्या, मासळीचा भाव, कुणाला दिवस गेले — सगळं तिथे कळायचं. हसून हसून पोट दुखायचं. आता लेकीच्या घरी आतून कडी लावून एकटी बसते तेव्हा मला ती पहाट आठवते. तुम्ही हसाल, पण आठवते खरी.

दुसरी जागा म्हणजे नारळी पौर्णिमेची आमची शर्यत. पुरुषांच्या होड्या खाडीच्या तोंडाशी धावायच्या, बायकांच्या आत. कालवं काढायला न्यायची ती लहान होडकी, एकीला एक. लुगडं घट्ट खोचायचं, पलीकडच्या खडकाला वळसा घालून परत यायचं. काठावर सगळ्या बायका, घरी करंज्या तळलेल्या, वेण्यांचा वास, आणि ओरडून ओरडून घसे बसलेले. पुरुष तिकडे फिरकायचे नाहीत, म्हणून आम्ही मनसोक्त ओरडायचो. शर्यत वेगळी होती हे मला तेव्हाही आवडायचं, आजही त्याला मी नावं ठेवत नाही. वाईट काही असेल तर ते शर्यतीत नव्हतं.

जी जिंकेल तिने त्या वर्षी दर्यात उतरणाऱ्या पहिल्या होडीला हळदकुंकू लावायचं, असा रिवाज होता. कुमारी नाही तर सवाष्ण, पण हात बाईचाच हवा. त्या हातावर होडीचं वर्ष जायचं असं सगळे मानायचे. मीही मानायचे.

आणि दरवर्षी जिंकायची चांगुणा.

माझी मैत्रीण होती ती. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की पलीकडच्या काठावर ऐकू जावा. ओठावर बारीक लव. वल्हं मारायला लागली की तिचं होडकं पाण्यावरून नुसतं सरसरत जायचं, आणि मी दरवर्षी तिच्या मागे दुसरी. मला मासळी कापता यायची नाही तेव्हा तिने माझा हात धरून शिकवलं. माझ्या वाट्याच्या शिव्या तिने खाल्ल्या. किती सांगू? सांगत बसले तर मुद्द्यावर येणारच नाही. तेच करतेय की काय मी?

त्या वर्षी पहिली होडी उतरायची होती ती माझ्या होणाऱ्या सासऱ्यांची. नवीकोरी. सगळ्या सासरच्या माणसांसमोर त्या होडीला कुंकू मी लावावं — किती वाटायचं मला! रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढे. आणि लावणार होती चांगुणा.

चांगुणा आमच्याबरोबर केवड्यामागे येत नसे. कधीच नाही. का, ते मला ठाऊक होतं. एकदा मी फार लवकर उठून गेले होते. उजाडायचं होतं, आणि समोरून चांगुणा परत येत होती, पाठीवर आईला घेऊन. आईचे पाय गेले होते. एकेकाळी मुरुडच्या बाजारात जिच्यापुढे कुणाचा आवाज चढत नसे, ती बाई लेकीच्या पाठीवर पदराने तोंड झाकून होती. गावाला वाटायचं, म्हातारी काठी धरून आपली आपण जाते. चांगुणा मला म्हणाली, "कुनाला बोलू नको गो. आय लाजेनं मरंल माजी." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

शर्यतीच्या आधी चार-आठ दिवस असतील. पहाटे सगळ्याजणी बसलो होतो. चांगुणा यंदाही जिंकणार असं कुणी म्हणालं. आणि मी बोलले —

"ती आपल्यासंगं कदी येत न्हाय. का येत न्हाय गो? कुनी बगितलंय तिला?"

एवढंच. मग मी हसले, म्हणून सगळ्या हसल्या. पण माझं हसणं खोटं होतं. मला नेमकं काय पेरायचं ते कळत होतं. तुम्ही म्हणाल, पोरवयातली चेष्टा. नाही हो. चेष्टा नव्हती ती.

मग ते बोलणं आपल्या पायांनी फिरलं. तिचे खांदे, तिचा आवाज, ओठावरची लव, सगळ्याला नवा अर्थ आला — ही बाईच आहे ना? ज्या खांद्यांचं कौतुक व्हायचं त्यांच्याकडे बायका डोळे बारीक करून पाहू लागल्या.

शर्यत चांगुणाच जिंकली. मी दुसरी. ती भिजलेली, हसत काठावर आली आणि पाटलीणबायने कुंकवाचं ताट मागे घेतलं. आवाज गोड ठेवून म्हणाली, "लेकी, आदी जाळ्यांच्या खोपीत चल. चार बायका बगतील. मंग कुंकू."

चांगुणाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मी का येत न्हाय ते एकीला ठावं हाय," ती म्हणाली.

माझं नाव घेतलं नाही तिने. वाट पाहिली. मी काय केलं? मी हातातल्या बांगड्या सारख्या करत राहिले. शपथ घेतली होती ना, असं मनाला सांगितलं. पण आईचं नाव न काढताही बोलता आलं असतं. हे मीच उठवलं, खोटं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. शपथेची आठवण मला तेव्हाच बरी झाली!

"माज्या आयला इचारा मी कोन हाय ती," चांगुणा म्हणाली. वल्हं वाळूवर ठेवलं आणि घराकडे गेली. खोपीत गेली नाही, म्हणजे काहीतरी असणारच — असं ठरलं. आईला विचारायला कुणी गेलं नाही.

ताट माझ्यापुढे आलं.

त्यानंतर बायका विहिरीवर तिच्यासाठी जागा सोडू लागल्या, मान देतात तशी नव्हे. दिघीला तिचं ठरत होतं, ते मोडलं. पुढच्या पौर्णिमेला ती काठावरही आली नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं जमली, पण रडायला तिच्याजवळ कुणी बसलं नाही. मीही नाही. मग एक दिवस ती तरीत बसून खाडीपलीकडे गेली. कुठे, ते मी विचारलं नाही.

सासऱ्यांच्या होडीला त्या वर्षी चांगली मासळी लागली. माझा हात गुणाचा आहे असं झालं. मग नवी होडी उतरली की मलाच बोलावणं यायचं. नवरा होता तोवर किती वर्षं मी कुंकू लावत होते. नवं लुगडं नेसून जायचे. बायका बाजूला होऊन मला वाट द्यायच्या. मला चांगुणा आठवायची, नाही असं नाही. तरी मी एकदाही बोलावणं परत धाडलं नाही. आवडायचं मला ते.