टाइल्सवाला रफिकुल आणि आमचं ठाणं

ठाण्यात किस्से कसे साचत जातात ते आमच्यासारख्यांनाच माहीत! भंडारा जिल्ह्यातल्या हायवेलगतच्या एका ठाण्यात मी हवालदार. नोकरीला वीस-बावीस वर्षं झाली. स्टेशन डायरीत लिहिलेलं मी घरी पोचेपर्यंत विसरते. न लिहिलेलं मात्र पोळ्या लाटताना आठवतं. हे किस्से त्यातलेच, आणि सगळे एकाच पथकाचे.

*

ते पथक वरून आलं होतं. वरून म्हणजे राज्याच्याही वरून! सकाळी दहाला पांढरी गाडी ठाण्यासमोर थांबली. पथकाचे साहेब आमच्या ठाणेदारसाहेबांना म्हणाले, "आपके एरिया में विदेशी रह रहे हैं."

आमचे साहेब म्हणाले, "विदेशी? इथे नागपूरचा पाहुणा आला तरी गाव तीन दिवस बघत बसतं!"

पण ऑर्डर होती. मला सोबत दिलं. गावात शिरायच्या आधीच त्यांनी एकाला धरलं. चौकड्याची लुंगी नेसलेला एक म्हातारा तलावाच्या काठावर बसला होता. 'इससे कुछ बुलवाओ, भाषा सुनते हैं,' म्हणाले. म्हातारा भडकला. "मी माह्या म्हशी राखून राहिलो, तुमी काहून मले धरून राहिले?"

पथकाच्या साहेबांनी वहीत लिहिलं, भाषा संशयास्पद.

मी म्हटलं, "सर, ये यहीं की बोली है. मैं भी घर में यही बोलती हूँ."

त्यांनी माझ्या नेमप्लेटकडे पाहिलं. "आप कहाँ से हो?"

"करडी."

"ये कौन से देश में पड़ता है?"

ते हसले, मीही हसले. पेन मात्र त्यांनी खिशात ठेवलं नव्हतं!

*

त्यांच्या कागदावर एकच जोडपं होतं, रफिकुल आणि त्याची बायको मर्जिना. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादकडचे, घरात बंगाली बोलणारे, म्हणजे आपल्याच देशातले. सहा वर्षांपासून गावात होते. रफिकुल टाइल्स बसवायचा. आमच्या ठाण्याचं बाथरूम त्याच्याच हातचं.

त्या दिवशी तो एका किराणा दुकानाच्या ओट्यावर काम करत होता. पंच हवा म्हणून दुकानदारालाच उभं केलं. "इसको पहचानते हो?"

"नाही जी! मी त याले आजच पाहून राहिलो."

रफिकुलनं वर पाहिलं. दोन्ही हात सिमेंटनं भरलेले. हळूच म्हणाला, "सेठ, मागं सरका. तुमच्या पायाखालची टाइल ओली हाय अजून."

सेठ मागं सरकला. मग सही केली.

*

बाईला आणायला बाई पोलीस लागते. पथकाकडे नव्हती, म्हणून मर्जिनाच्या दारात मी. तिच्या हातची मासोळी मी कितीदा खाल्ली होती. मला वाटलं रडेल, ओरडेल, निदान मला दोन शब्द सुनावेल. तिनं एवढंच विचारलं, "ताई, किती दिवसाचे कपडे घेऊ?"

मला काय माहीत! पण अंगावर वर्दी असली की माहीत नाही असं म्हणवत नाही. मी म्हटलं, "दोन दिवसांचे."

तिनं दोन साड्या पिशवीत घातल्या. गॅसवर भात होता. "चार मिनिटांनी बंद करजा," म्हणाली आणि गाडीत बसली.

बेचाळीस दिवस लागले.

*

रफिकुलच्या आधारकार्डावर जन्मतारीख एक जानेवारी. पथकाचे साहेब खूश! "इन सबका एक जनवरी होता है. फर्जी है!"

गाडी गेली, चहा आला. ठाण्याची लिखापढी बघणारा आमचा रायटर सेलोकर कप धरून बसला होता. म्हणाला, "साहेब, माही त एक जुलै हाय. मास्तरनं शाळेत घालताना लिहून देल्ली. माय म्हणते, धान कापून राहिले होते तवा झाला."

दुसरा म्हणाला, माझीही एक जुलै. मग तिसरा. मीही. हजर अकरा जणांत सात जण एकाच दिवशी जन्मलेले निघाले! हसून हसून पुरेवाट झाली.

आमचे साहेब तेवढे हसले नाहीत. "बास करा," म्हणाले. "आठवा मी आहे."

*

आमच्या साहेबांनी मग स्वतः मुर्शिदाबादला फोन लावला. तिथल्या ठाण्यानं दोन दिवसांत कागद पाठवले. आजोबांचं नाव, बापाची जमीन, रफिकुलची शाळा, सगळं शिक्क्यानिशी. साहेबांनी ते लगेच पुढे पाठवले, त्या दोघांना ज्या केंद्रात ठेवलं होतं तिथे.

आठ दिवस उत्तर नाही. साहेबांनी फोन केला, स्पीकर चालू होता. पलीकडचा म्हणाला, "कागज बंगाली में हैं. हमारे यहाँ बंगाली किसी को आती नहीं."

साहेब म्हणाले, "मग तो बंगाली बोलतो म्हणून पकडलात, ते कळलं कोणाला?"

फोन कटला. साहेबांनी पुन्हा लावला. बिझी. दिवसभर बिझी!

*

शेवटी तेच कागद इंग्रजीत आले आणि दोघं सुटले. चूक झाली असं कोणी म्हटलं नाही, परतीचं तिकीटही कोणी दिलं नाही. आले तेव्हा घरमालकानं खोली दुसऱ्याला दिलेली.

चार दिवसांनी रफिकुल ठाण्यात आला. शर्ट अंगावर लोंबत होता. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची ओढली. सेलोकरनं चहा सांगितला. आम्हाला वाटलं, हा आता तक्रार देणार. मनातून सगळ्यांनाच वाटत होतं, द्यावी.

रफिकुल म्हणाला, "साहेब, नवी खोली भेटली. भाडेकरूचा फॉर्म पाहिजे होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आम्हाला समजलं नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मागच्या टायमाले ताईनंच सांगितलं होतं ना! फॉर्म भरून ठेव, मंग तुले कोणी हात लावत नाही."

सांगितलं होतं. हद्दीत बाहेरगावचे भाडेकरू गल्लोगल्ली आहेत. पण आपल्या पायानं येऊन फॉर्म भरणारा हा एकटाच. वरून जेव्हा विचारणा आली, बाहेरचे कोण कोण आहेत, तेव्हा ठाण्याकडे पाठवायला एवढंच एक नाव होतं. सेलोकरनं टाइप केलं होतं. साहेबांची सही होती.

साहेबांनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. आत कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा होता, रबर लावलेला. मला उभ्या जागेवरून दिसत होता. साहेबांनी ड्रॉवर तसाच लावून टाकला.

"फॉर्म संपलेत रे," म्हणाले.

"मंग कधी येऊ साहेब?"

"येऊच नकोस."