प्रभूची मूठ

दादाच्या घरी गेलो, की मी स्वयंपाकघराच्या दारात बसतो. वहिनी आधी सगळ्यांच्या भुकेचा अंदाज घेऊन तांदूळ मोजतात, आणि मग त्या मोजलेल्या तांदळातून एक मूठ काढून पत्र्याच्या डब्यात टाकतात. ही प्रभूची मूठ. रविवारी डबा चर्चमध्ये जातो आणि तिथून, ज्याच्या घरी चूल पेटली नसेल त्याच्याकडे.

काल न राहवून म्हटलं, "वहिनी, मूठ पोत्यातूनच काढा की. मोजलेलं कशाला कमी करता?"

त्या झाकण लावत हसल्या. "पोत्यातून काढली तर कुणाच्या पोटाला कळायचंसुद्धा नाही, भावजी. मग दिली असं कसं म्हणायचं?"

मला आपलं वाटायचं, भक्ती म्हणजे उंच आवाजातली गीतं आणि रविवारचे इस्त्रीचे कपडे. इथं तर ती रोज पातेल्यात मुकाट्यानं शिजत होती.

दादानं प्रार्थना केली, आम्ही जेवलो. भात जरासा कमी पडला, पण कुणी पुन्हा मागितला नाही. हात धुताना पोटात एका घासाची जागा रिकामी होती, आणि कुणी अनोळखी माणूस आमच्याच पंगतीत जेवून उठल्यासारखं वाटत होतं.