पुढच्या दातातलं सिमेंट

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझा पुढचा एक दात किडला. हसताना मी तोंडावर हात धरू लागलो होतो. शेवटी मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात गेलो. दवाखाना एका वयस्कर डॉक्टरांचा होता, पण माझा दात भरला तो त्यांच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या मॅडमनी. सिमेंट दाताच्याच रंगाचं. रंग जुळावा म्हणून त्यांनी मला दोनदा खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"चहा कमी करा, नाहीतर पिवळं पडेल," त्या म्हणाल्या. "आणि ऊस या दातांनी सोलायचा नाही. कागलकडचे ना तुम्ही, म्हणून सांगते."

मी मान हलवली.

त्याच आठवड्यात गावी गेलो. आमच्या शेतात ऊसतोड चालली होती. वडिलांनी बांधावर मला एक चांगला ऊस काढून दिला. मी कोयता मागितला.

"कोयता कशाला? म्हाताऱ्यागत बारकं तुकडं, करवं करून खातोस व्हय?" वडील म्हणाले. "कॉलेजात जाऊन दात पण मऊ झालं की रं."

तोडकरी हसले. दात भरलाय, एवढं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि त्या माणसांसमोर मला शहरातला व्हायचं नव्हतं. मी ऊस दातात धरला. दुसऱ्या पेराला दातात काहीतरी हललं आणि जिभेवर खड्यासारखा तुकडा आला. तो मी चोथ्याबरोबर थुंकून टाकला.

सोमवारी सकाळी पुन्हा दवाखान्यात गेलो. त्या वेळी मोठे डॉक्टरही खोलीत होते.

"कशानं निघालं?" मॅडमनी विचारलं.

"भात खाताना," मी म्हणालो.

त्यांनी वाकून दातात पाहिलं आणि चिमट्यानं काहीतरी काढून कापसात ठेवलं. मोठे डॉक्टर तिथूनच म्हणाले, "भातानं सिमेंट निघतं? दात नीट कोरडा केला नसशील. घाई नडते तुम्हा नव्या लोकांची." माझ्यासमोर, आणि बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू जाईल अशा आवाजात.

"हो सर," मॅडम म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मी आ वासून पडलो होतो. बोलता येत नव्हतं हे खरं, पण आधी आणि नंतर तर येत होतं.

त्यांनी दात पुन्हा भरला. पुन्हा खिडकीपाशी नेलं.

महिनाभर मी त्या रस्त्यानं गेलो नाही. मग एका दुपारी गेलो. त्या एकट्याच होत्या. मी दारातच म्हणालो, "मॅडम, ते भातानं निघालं नव्हतं. ऊस खाल्ला होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "फटीत चोथा अडकला होता. मीच काढला."

"मग सरांना सांगितलं का नाही?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

त्यांनी खुर्चीकडे बोट केलं, दिवा लावला आणि दात पाहिला.

"कडेनं पिवळं पडायला लागलंय. चहा किती होतो?"

दोन, असं ओठावर आलं होतं.

"सहा," मी म्हणालो. "परीक्षेत आठ."