बिडाची ताटली

दस्तगीरचाचा ठार बहिरे होते, पण कस्तूर पाखराच्या गाण्याची त्यांच्याइतकी चौकशी गगनबावड्यात कुणी केली नसेल. सकाळी मी परड्यात कपडे वाळत घालायला गेले, की कुंपणापलीकडून हाक यायची, "बाई, काय म्हणतोय त्यो आज?" बहिऱ्या माणसाची हाक ती; अर्धी आळी जागी व्हायची.

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. माझी तिथल्या शाळेत बदली झाली होती आणि चाचा रिटायर होऊन माझ्या शेजारी लेकीकडे, शबानाकडे, राहायला आले होते. त्यांची हयात कोल्हापुरात बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या कारखान्यात गेली. ग्राइंडरच्या आवाजानं कान गेले ते गेलेच. येताना स्वतः ओतलेली एक जड बिडाची ताटली तेवढी घेऊन आले आणि ती परड्यातल्या दगडी गडग्यावर पाखरांसाठी मांडली. "मांजराच्या बापाला हलायची न्हाय!" म्हणायचे.

त्यात पपईच्या फोडी ठेवल्या, की काळ्या टोपीचा, नारिंगी चोचीचा एक कस्तूर यायचा. खाऊन झालं की समोरच्या फणसावर बसून गायचा. चाचांना फक्त त्याचा गळा हललेला दिसायचा.

ते माझे ओठ वाचायचे. मी सांगायची, "घागर भरत आली की आवाज चढतो ना, तसा."

"आन शेवटाला?"

"शेवटी शिट्टी."

"कुकरची?"

"कुकरची कसली, चाचा! घराकडं निघालेला माणूस स्वतःशीच घालतो ना, तसली शीळ."

तेवढ्यावर स्वारी दिवसभर खूश असायची.

एकदा परीक्षेच्या गडबडीत मी "कालचंच!" म्हणून सटकायला लागले. चाचा कडाडले, "खोटं न्हाय बोलायचं, बाई! काल त्येचा गळा मधी थांबत हुता. आज थांबंना झालाय." वर्गात पोरांना खरं बोला म्हणून दटावणारी मी! मान वर करायची सोय राहिली नाही. परत वळले आणि नीट ऐकून सगळं सांगितलं.

पुढं शबानानं कानाचं मशीन आणलं. ते लावून चाचा अर्धा तास फणसाखाली बसले आणि काढून तिच्या हातात ठेवलं. "ह्यात नुसता कारखानाच वाजतोय. बाईंचं सांगणं बरं हाय." मला मेलीला केवढा अभिमान वाटला त्याचा!

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. शबानानं खाट परड्याकडच्या खिडकीशी लावली. आमची शेवटची भेट झाली ती दिवाळीच्या सुमारास. गाण्याचे दिवस सरले होते, कस्तूर महिनाभर फिरकला नव्हता. चाचांचा एवढा मोठा आवाज, पण आता कान देऊन ऐकावा लागत होता.

"बाई, काय म्हणतोय त्यो?"

खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, "घागर भरत आलीय, चाचा. आज मध्ये थांबत नाहीये."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताटली रिकामी हाय, फणसबी रिकामा. दिसतंय की मला."

पुन्हा पकडले गेले होते. मला रडूच फुटलं. त्यांनी माझा हात धरला.

"असू दे. तुम्ही सांगा."

मग मी सांगितलं. पार त्या घराकडं निघालेल्या माणसाच्या शिळेपर्यंत.