निळ्या पेन्सिलीतली माय

या सदरात लोक पिंपळाखालची बाई, पांदीतला चकवा असं काय काय लिहितात. मी चहा पीत वाचतो, करमणूक होते. विश्वास म्हणाल तर कधीच नव्हता. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेनंतर देव्हारासुद्धा राहिला नव्हता... तिथं भुतांना कोण विचारतो! तरीही लिहायला बसलोय, कारण माझ्याकडे एक कागद आहे आणि त्याचं काय करावं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

साठच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. मी अमरावतीला एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. फ्रेजरपुऱ्यात दोन खोल्या – पुढं खिडकीशी माझं टेबल, मागं चूल. घरात मी आणि माझी माय, दोघंच. वडील मी लहान असतानाच गेले. मायनं कापसाच्या जिनात मजुरी करून मला शिकवलं. लग्नाचं ती रोज काढायची आणि मी रोज टाळायचो.

अकोल्याला माझा मित्र प्रभाकर याचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून छापून हा माणूस कंटाळला होता. रशियाचा माणूस अंतराळात जाऊन आला आणि याच्या डोक्यात एक खेळ शिरला. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकानं कप्तान व्हायचं, एकानं डॉक्टर, एकानं मेकॅनिक. एकानं खेळाच्या पत्त्यावर छापलेला प्रसंग वाचायचा, बाकीच्यांनी आपण काय करणार ते सांगायचं, मग फासा पडेल तसं निभवायचं. कुठल्यातरी ओसाड ग्रहावर यान उतरतं, पुढं काय... असा सगळा प्रकार. प्रत्येक प्रसंगाला एक काळं-पांढरं चित्र हवं होतं, आणि ती चित्रं माझ्या गळ्यात पडली. खरं सांगायचं तर मला हेच हवं होतं. शाळेत आंबा आणि तांब्या काढून माझा हात सडत चालला होता.

इथं कामाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आधी फिक्या निळ्या पेन्सिलीनं चित्र बांधायचं, मग त्यावर काळी शाई. चित्राचा फोटो घेऊन ॲसिडनं जस्तावर त्याचा छपाईचा ठसा कोरतात, तो ब्लॉक. ब्लॉक करणाऱ्याच्या कॅमेऱ्याला फिकं निळं दिसत नाही. त्यामुळं निळं खोडत बसायचं नाही. जस्ताच्या ब्लॉकवर फक्त शाई उतरते. आता यान किती मोठं, हे कळायला शेजारी एक माणूस लागतो. तो मी निळ्यातच काढायचो आणि तसाच सोडून द्यायचो. ग्रह ओसाड होता ना.

तो माणूस म्हणजे माय. मी म्हणायचो, माय, जरा उभी राहा. ती खिडकीकडं तोंड करून, एक हात कमरेवर ठेवून उभी राहायची आणि चित्राची टर उडवायची. या ग्रहावर कापूस होते का? पानी नाई, मंग मेले तिथं जातेत कायले? एकदा मी म्हटलं, इकडं तोंड कर, चेहरा काढतो. तर म्हणाली,

"माह्या तोंडाचं काय काम? उंचीच पायजे ना तुले?"

मी हसलो आणि पाठमोरीच काढली.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, डोक्यात गेला, संपलं. आठवड्याभरानं कुणीतरी विचारलं, भिंतीवर लावायला फोटो आहे का. नव्हता. तिनं आयुष्यात फोटो काढला नव्हता. मग मी कागद घेऊन बसलो – ड्रॉइंग मास्तर ना मी! नाक यायचं, डोळे यायचे, पण जी बाई तयार व्हायची ती दुसरीच कोणीतरी असायची. महिनाभर हेच केलं. जितकं काढावं तितकी ती पुसट होत गेली. शेवटी भीतीच वाटायला लागली, आणि मी काढणं बंद केलं. त्या घरातला एकटेपणा मी सांगू शकत नाही. शाळेतून आलो की टेबलाशी बसायचो, आणि यानाशेजारी माय निळ्या पेन्सिलीत पाठमोरी काढायचो. तेवढी यायची.

खेळातलं एक चित्र ग्रहाच्या अंधाऱ्या बाजूचं होतं. माय निळ्यात यानाच्या पायाशी काढून झाली, आणि मग लक्षात आलं की ती उभी आहे तो सगळा भाग काळाभोर भरायचाय. त्याशिवाय चित्र उठत नव्हतं. मी ब्रश घेतला आणि तिच्यावरून शाई फिरवली. त्या दिवशी जेवलो नाही.

ब्लॉकवरून पहिली प्रुफं निघाली तेव्हा प्रभाकरनं बोलावून घेतलं. रविवारी सकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला गेलो. त्यानं टेबलावर तेच चित्र ठेवलं आणि विचारलं,

"मास्तर, हे बाई कोन व्हय?"

काळ्या अंधारात, यानाच्या पायाशी एक बाई उभी होती. पांढरं लुगडं, एक हात कमरेवर. आणि तोंड आमच्याकडं. कपाळावरचं गोंदण, खालच्या ओठाची ती डावीकडची मुरड... जी मला महिनाभर सापडत नव्हती. दीक्षेला नागपूरला जाताना ती असंच पांढरं लुगडं नेसली होती.

मी तिथंच स्टुलावर बसलो आणि रडलो. प्रभाकर बिचारा घाबरून पाणी घेऊन आला.

मग आम्ही मूळ चित्र बाहेर काढून पाहिलं. त्यावर शाई जशीच्या तशी – गच्च काळी, कुठं टाचणीएवढं पांढरं नाही. ब्लॉक पाहिला. तोही तिथं सपाट, गुळगुळीत, पांढरं उमटावं असं कुठं काही कोरलेलं नाही. प्रभाकरनं माझ्यासमोर त्याच ब्लॉकवरून दुसरं प्रूफ काढलं, तिसरं काढलं. नुसता अंधार. पहिल्या प्रुफाच्या वेळी शाई नीट लागली नसेल, असं तो म्हणाला. मीही मान डोलावली. पण शाई कमी लागली तर डाग पडतो हो... गोंदण पडत नाही. खेळ पुढं छापून निघाला, थोडाफार खपलाही. त्यात ते चित्र काळंच आहे.

प्रूफ मी घरी आणलं. मनात एकच धास्ती होती – हे मलाच दिसतंय का? प्रभाकरला बाई दिसली होती खरी, पण त्यानं मायला कधी पाहिलंच नव्हतं. ती मायच आहे हे म्हणणारा मी एकटा. आणि त्या दिवसांत माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

जिनात मायबरोबर काम केलेली, तिला सोना म्हणून हाक मारणारी शेवंताबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, रॉकेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिला बोलावलं. काही सांगितलं नाही, नुसतं प्रूफ हातात दिलं. तिनं ते दारातल्या उजेडात नेलं, जरा लांब धरून पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाली, हे तं आपली सोना व्हय. माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता मी एकटा नव्हतो.

आजही ते प्रूफ माझ्या भिंतीवर आहे. कागद पिवळा पडलाय, ती तशीच आहे. पण ती कशी उमटली, हे मला माहीत नाही. शाईचं, ॲसिडचं, कॅमेऱ्याचं काय ते तुमच्यातल्या जाणकारांनी खुशाल सांगावं, मी ऐकून घेईन.

मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. शेवंताबाई कागद परत देताना थांबली होती. यान तिला दिसलं नसावं, ग्रहही नाही. तिनं चारी बाजूंच्या त्या काळ्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं,

"एवढ्या अंधारात थे एकटीच काहून उभी हाय रे?"