लेस शेपटीचे शब्द

माझी नणंद हैदराबादला नर्सचं काम शिकायला गेली, तेव्हाची ही गोष्ट. मी ती कुणाला सांगितलेली नाही. तोंडानं सांगणं मला कधी जमलं नाही. लिहिताना निदान समोरचं माणूस आपल्याकडं बघत नसतं.

आम्ही पिंगळीला राहत होतो. सासूबाई, विधवा नणंद आणि मी, घरात तिघीच. यजमान गंगाखेडच्या तहसील कचेरीत कारकून. गुरुवारी संध्याकाळी यायचे, निजामाच्या राज्यातली शुक्रवारची सुट्टी घरी काढायचे आणि शनिवारी सकाळी परत. मी चौथी शिकलेली, म्हणून घरात आलेला कागद मीच वाचून दाखवायची. नणंदेला अक्षरं मीच शिकवली होती, ताटात राख पसरून, तिचं बोट धरून.

हैदराबादच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नणंदेला कळवलं होतं, जागा झाली की कार्ड टाकू, तोवर थोडं इंग्रजी शिकून घ्या. यजमानांनी त्यावर एक युक्ती काढली. सुटे शब्द द्यायचेच नाहीत, एका शेपटीचे दहा-दहा द्यायचे. ते वहीत आपल्या अक्षरांत लिहायचे आणि शेपटीखाली निळ्या पेन्सिलीची रेघ मारायचे. आधी फुलची शेपटी झाली. हेल्पफुल, पेनफुल, केअरफुल. फुल म्हणजे भरलेलं. ते सोपं गेलं. मग लेस आली. होपलेस म्हणजे आशा नसलेला, एंडलेस म्हणजे शेवट नसलेलं, फिअरलेस म्हणजे निडर.

यजमान म्हणाले, "कचेरीत आमी बेघर, बेकार, बेफिकीर म्हणतो. आपलं बे पुढं चालतं, इंग्रजाचं लेस मागून येतं. एवढाच फरक."

आतून सासूबाई म्हणाल्या, "मागून येऊन बी समदं घेतलंच की त्यानं."

दुपारी आम्ही दोघी ओसरीवर शेंगा फोडत बसायचो. वही माझ्या मांडीवर. मी शब्द विचारायची, ती अर्थ सांगायची, चुकली की एक शेंग माझ्या वाट्याला. पोचट शेंग निघाली की म्हणायची, "घे, ही दाणालेस." आम्ही हसायचो आणि सासूबाई विचारायच्या, दिवसभर काय पुटपुटायलाय. ती सांगायची, देवाचं नाव घेतोय.

एक गोष्ट मला सतावत होती. यजमानांनी एकदा सांगितलं होतं की इंग्रजीत लेस म्हणजे कमी. मग होपलेस माणसाला आशा मुळीच नसते, की थोडी असते? यजमानांना विचारायची मला लाज वाटली. मी नणंदेला विचारायला लावलं. यजमानांनाही सांगता येईना. गंगाखेडला एका मास्तरांकडं जाडजूड कोश होता. पुढच्या शुक्रवारी त्यांनी उत्तर आणलं. हे लेस कमीवालं नव्हेच. इंग्रजांच्या फार जुन्या बोलीत तसा वेगळा शब्द होता, त्याचा अर्थ सुटलेला, मोकळा. सैल गाठीला ते लोक लूज म्हणतात, ते त्याच्याच भावकीतलं. म्हणजे फिअरलेस म्हणजे भयातून सुटलेला.

नणंदेनं वहीतल्या निळ्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग हे समदेच शब्द काय वाईट न्हाईत."

यजमान तिला म्हणाले, "लय हुशार झालीस तू. असा सवाल मास्तरांनाबी कुणी केला नव्हता." मी ताटातली टरफलं गोळा करत होते. ती माझ्याकडं बघून काही बोलेल असं वाटलं. तिनं वहीचं पान उलटलं. मी टरफलं टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी, यजमान गेल्यावर, टपालवाला आला. नणंद विहिरीवर होती. कार्ड तिच्या नावाचं होतं. एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारी हजर व्हावं, न आल्यास जागा दुसऱ्या बाईला जाईल. मी ते उंबऱ्यातच दोनदा वाचलं, आणि आत जाऊन उतरंडीतल्या तिसऱ्या गाडग्यात, तिळांखाली ठेवलं.

का ठेवलं? ती गेली की ओसरीवर मी एकटी, हे होतंच. पण खरं सांगायचं तर मला वहीचं वाटत होतं. शब्द तिच्यासाठी यायचे. ती नसल्यावर यजमान कुणासाठी रेघ मारणार होते?

पुढचे दिवस मला बसवेना. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं. पाट्यावर वाटण घ्यायचं आणि तसंच टाकून उतरंडीकडं जायचं. गाडीची शिट्टी झाली की मी दिवस मोजायची. टपालवाला गल्लीत दिसला की नणंद हात पुसत बाहेर जायची, तो मान हलवायचा, आणि ती परत येऊन म्हणायची, "विचार गं पुढचा शब्द." मी विचारायची. माझाच आवाज मला ऐकवत नव्हता.

गुरुवारी दुपारी ती म्हणाली, "वैनी, ती बाई विसरली बघ मला. आता ही वही तूच ठेव."

मी उठले, गाडगं उतरवलं आणि कार्डावरचे तीळ झटकून ते तिच्या हातात दिलं. तिनं एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचलं. तिच्या नावाचं ते पहिलंच टपाल. वाचून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "कवा आलं?"

"शनिवारी."

ती उठून परसात गेली. मी ताटापाशीच बसून राहिले. शेंगा तशाच राहिल्या.

संध्याकाळी यजमान आले. तिनं कार्ड पुढं केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आजच आलं, दादा." शनिवारी सकाळी यजमान कचेरीत रजा कळवून तिला घेऊन हैदराबादच्या गाडीत बसले. वही कोनाड्यातच राहिली होती. तिनं मागितली नाही.

तिला जागा मिळाली. यजमानांनी नंतर कधी शब्द आणले नाहीत, मीही मागितले नाहीत. तिची पत्रं येत राहिली, पण पिंगळीला नाही. ती गंगाखेडच्या कचेरीच्या पत्त्यावर लिहायची. शुक्रवारी यजमान खिशातून फोडलेलं पत्र काढून सासूबाईंना वाचून दाखवायचे, आणि मी चुलीपाशी भाकरी थापता थापता ऐकायची. शेवटी नेहमी असायचं, वैनीला नमस्कार. एकदा यजमानांनी सासूबाईंसमोरच मला सहज विचारलं, ही सरळ घरीच का लिहीत नाही, वाचायला तू आहेस की. मी तव्यावरची भाकरी उलटली.